जिन्यात गोल होत नाही

मल्हारगंजात, शेवेच्या भट्टीवरच्या माळ्यावर
आमचा इंग्रजीचा क्लास. संध्याकाळी सात ते आठ.
हिंग आणि कढलेलं तेल
वहीच्या पानांत शिरून बसतं;
घरी क्रियापदं उघडली की भूक लागते.

त्या दिवशी तांबवेकर सरांनी फळ्यावर लिहिलं,
रॅली राउंड.
म्हणाले, सांगा.
गफ्फार नळवाला म्हणाला, रॅली म्हणजे जुलूस, राउंड म्हणजे गोल,
तर राजवाड्याला चक्कर मारून परत येणारा जुलूस, सर.
पलसीकर कॉलनीतल्या दोघी सिंधी बहिणी
एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून हसल्या.
सर म्हणाले, नाही. कुणी अडचणीत असलं
की बाकीच्यांनी त्याच्याभोवती गोळा व्हायचं.
मी वहीत लिहिलं: भोवती.

तेवढ्यात खालून हाक आली.
कुमुदवहिनींचा दीर. स्कूटर चालूच.
"घरी चला! या वयात कसली एबीसीडी?
लोकं काय बोलून राहिलेत, माहीत आहे?"

वहिनी फॉल-पिको करतात. बोटाला नेहमी
कुठला तरी दोरा चिकटलेला. त्या दिवशी पिवळा.
वही मिटली, पेनाला टोपण लावलं,
चपला शोधल्या. आम्हाला वाटलं, निघाल्या.
निघाल्याच होत्या. पण पिशवी बाकावर राहिली.

मग कोण आधी उठलं, सांगता येत नाही.
गफ्फार, बहुतेक. पान्यांचा आवाज झाला.

जिना कसला, शिडीच ती. एका पायरीवर एक माणूस,
तोही तिरका. गोल कुठून होणार?
वहिनींच्या पाठीशी गफ्फार,
त्याच्या पाठीशी थोरली, मग धाकटी,
मग सर, खडू तसाच हातात,
आणि सगळ्यात वर मी,
अर्धा जिन्यात, अर्धा वर्गात.
खरं सांगायचं तर वर्गातच जास्त.

खाली काय बोलणं झालं, मला ऐकू आलं नाही.
कढईत घाणा पडला होता.
स्कूटर बंद झाली. बराच वेळ काही नाही.
मग पुन्हा सुरू झाली, आणि गेली.

परतताना सगळ्यांना जागच्या जागी वळावं लागलं,
म्हणून सगळ्यात आधी आत मी. जणू मीच पुढारी.
वहीतलं 'भोवती' खोडून
मी 'पाठीशी' लिहिलं.

उद्या तो पुन्हा येईल, हे कुणी बोललं नाही.
धाकटीनं खिडकी मात्र लावून घेतली.
सरांनी डस्टर उचलला
तर वहिनी म्हणाल्या, थांबा,
माझं उतरवून व्हायचंय.