शून्य पूर्णांक चार

तक्त्यात लिहिलं होतं: शून्य पूर्णांक चार टक्के.
म्हणजे जुने फोन, पाचव्या आवृत्तीखालचे.
"सोडून देऊ," मी म्हणाले.
मीटिंगमध्ये कोणी मान वर केली नाही.
एक ओळ बदलली कोडमधली,
चहा निवायच्या आत.

ॲप साधंच. ग्रिम्सबीच्या दवाखान्याची गाडी
डायलिसिसवाल्यांना न्यायला किती वाजता येणार,
एवढंच सांगायचं त्यानं.

तिसऱ्या आठवड्यात मॉरीन क्लिथरो आली.
तिचा फोन जाड रबरी कव्हरात, कोपऱ्यात चीर.
"हे नुसतं फिरत राहतं गं," म्हणाली.
गाडीची वेळ बदलली होती,
ही मात्र साडेसहापासून दारात उभी,
समुद्रावरचा वारा खात.

मग मी आकड्याचं मूळ शोधत बसले.
शितावरून भाताची परीक्षा, मान्य,
पण हे शीत कोणाच्या पातेल्यातलं?
लंडनच्या कुठल्याशा कंपनीनं
जाहिराती बघणारे मोजले होते,
सबंध देशातले,
तेही डिसेंबर संपता संपता, घरोघर नवे फोन
वेष्टनातून बाहेर पडत असताना.

आमची स्वतःची मोजणी उघडली.
ग्रिम्सबीत सगळ्यात लोकप्रिय फोन एकच,
दोनशे अकरा वेळा आलेला.
क्षणभर बरं वाटलं.
तो माझाच निघाला. टेस्टिंगचा.
ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या
रात्रभर आपलंच दार वाजवणारा.

आणि मॉरीनचा? शून्य.
बरोबरच आहे.
जे दार उघडतच नाही
त्याच्या आतली पावलं मोजून
बाहेर कोण उभं आहे, ते कसं कळणार?

गुरुवारी वही घेऊन वेटिंग रूममध्ये बसले.
अकरा खुर्च्या, अकरा माणसं.
जुने फोन पाच.
एक बटणांचा.
एक बायकोचा, अजून तिच्याच नावावर;
आल्बर्ट वूलसीची नोंद आकडेवारीत
सत्तरीची स्त्री म्हणून होत असणार.
त्याला सांगितलं तर हसला, मग हसायचा थांबला.

अकरा माणसं म्हणजे आकडेवारी नव्हे,
एवढं मलाही कळतं.
उद्या दुसऱ्या गावात, दुसऱ्या खोलीत
सगळ्यांच्या हातात नवेकोरे फोन निघतील,
तेव्हा माझी वहीही खोटी ठरेल.

तरी ती ओळ परत पूर्वीसारखी केली.
अहवालात नवा आकडा भरला.
वरून विचारणा आली: स्रोत?
मी लिहिलं:
खुर्च्या. अकरा.
गुरुवार, सकाळी सव्वासात. बाहेर वारा.