वजा

पंखा बंद करावा लागतो.
वाऱ्यानं काटा थरथरतो,
आणि सोन्याच्या बाबतीत थरथरीचेही पैसे होतात.
एप्रिलच्या दुपारी, सोलापुरात,
नागरी बँकेच्या जिन्याखालच्या खोलीत
मी आधी कपाळ पुसतो, मग बोटं,
मग समोरचा डाग.

पोशव्वा गाजूल. वय चौसष्ट.
राहणार विडी घरकुल. धंदा विडी वळणे.
कर्जाचं कारण : घरगुती.
एकतीस वर्षं त्या रकान्यात मी हेच लिहितोय.

रुमालाची गाठ दातांनी सोडवून
तिनं पदक काढलं,
जुन्या रुपयाएवढं,
दोऱ्याला तंबाखूचा वास.
कसोटीवर रेघ ओढली, थेंब सोडला.
रेघ जागची हलली नाही.
असं सोनं हल्ली वर्षातनं एकदा येतं,
आणि आलं की मी उगाच दोनदा घासतो.
अकरा ग्रॅम चारशे वीस.
वजा दोरा.
वजा पोटातली लाख.
वजा मीना.

"मोर हाय बगा त्याच्यावर," ती म्हणाली.
"आमच्यात नेमली म्हणतेत.
सासूच्या सासूपासनं हाय.
घरात लेकरू झालं की
आईच्या आधी त्याला मोर दाखवतेत."

मी भिंग डोळ्याला लावलं.

मोर नव्हता.
एक बाई होती,
पाण्याच्या पायरीवर, पाठमोरी,
आणि तिचं हिरवं लुगडं वाऱ्यानं
एका अंगाला फाकलेलं, निळ्या काठासकट.
नुसत्या डोळ्यांना तो पिसारा वाटणारच.
मान वळवलेली.
नाकाची रेघ एका केसाची, तीही अर्धवट.
आणि कानात एक लाल ठिपका,
खसखशीचा दाणा त्याच्यापुढं थोराड.

लाल शेवटी भरायचा, वडील सांगायचे,
पांढरा सोसतो, हिरवा सोसतो,
लालाला फार आच चालत नाही.
म्हणजे सगळं चित्र झाल्यावर
कुणीतरी ते पुन्हा भट्टीत घातलं होतं,
चेहरा तडकला असता, पाणी करपलं असतं,
एका कानाच्या पाळीसाठी.

त्याचं नाव कुठं नाही.
मागं एक ओरखडा आहे,
तो त्याचा, की मोरीच्या दगडाचा, सांगता येत नाही.
आणि माझ्या फॉर्मवर
तो माणूस, ती बाई, ते पाणी मिळून
एक ग्रॅम ऐंशी. वजा.

न बोलता भिंग तिला दिलं.
बाहेर टोकन नंबर अठ्ठावीस ओरडून झाला, एकोणतीस झाला.
तिनं आधी ते लांब धरलं, मग फार जवळ,
मग श्वास थांबवला.

"बाई हाय की ओ."

पिवळ्या पडलेल्या नखानं तिनं काच पुसली.
"कुठं बघालीय ती?"
मागं, मी म्हणालो.
कुणीतरी हाक मारल्यासारखं.

चौसष्ट वर्षांची बाई खुर्चीत सरळ बसली,
पदर नीट केला,
जणू चित्रातली आता हिच्याकडेच बघणार होती.
मग भिंग टेबलावर ठेवलं, हळू, पालथं.
"असू द्या. घरी मी मोरच सांगते.
एवढी लेकरं मोर बघून वाढलीत,
आता कुणाकुणाला सांगत फिरू?"

दागिन्याच्या वर्णनात जे दिसेल तेच लिहायचं,
असा नियम आहे, खाली माझी सही असते.
मी लिहिलं :
पदक एक, जुने, मीनाकाम, मोर.
पाकिटावर लाख ओतली, शिक्का दाबला,
पंखा लावला.
मंजुरीचे कागद टेबलभर उडाले
आणि दोघंही ते गोळा करत बसलो.

आता दर महिन्याला ती व्याज भरायला येते.
मुद्दल तेवढंच आहे.
पदक दाखवा, असं कधी म्हणत नाही.
चिल्लर मोजून ठेवते, पावतीची वाट बघते,
आणि रांगेतल्या कुणाला ऐकू जाणार नाही
इतक्या हळू विचारते,
"बरी हाय ना ती?"