अकरा रात्रींचं कोष्टक

सोरोंगच्या गोदीत, ओहोटीच्या चिखलात
बोट कुशीवर कलंडलीय.
दाएंग लेवा तिच्या फळ्यांच्या फटींत सालीचा काथ्या ठोकतोय,
आणि मी, पेनिना, तापल्या पत्र्याखाली
पेन्सिलीनं अकरा रात्री आखतेय
चौदा अनोळखी माणसांसाठी.

पहिला रकाना पायांचा.
अडतीस, एक्केचाळीस, सेहेचाळीस.
सेहेचाळीसच्या पंखांचा एकच जोड आपल्याकडे,
त्याचाही पट्टा मार्कुसनं गेल्या मोसमात तारेनं बांधलेला.
पुढचा पोटाचा:
एकाला शेंगदाणा चालत नाही,
एकीला कांदा,
आणि एकजण म्हणे मासे खात नाही.
तीन विमानं बदलून मासेच बघायला येणार,
पण ताटात नकोत!
आचारी हसला नाही.
"बरोबर आहे त्याचं," म्हणाला,
"ओळख झाली की घास उतरत नाही."

शेवटची बुडी कधी मारली होती?
मार्चमध्ये. दिवाळीसारख्या कुठल्याशा सुट्टीत. आठवत नाही.
एकीनं लिहिलंय: नऊ वर्षांपूर्वी,
आणि पुढे एक वाक्य, गिरगटून खोडलेलं.
कागद उजेडापुढे धरला,
मग लाज वाटून खाली ठेवला.
तिच्या नावापुढे लिहिलं:
पहिल्या दिवशी उथळ पाणी, वाळूचा तळ,
नाहोर सोबत. नाहोर बोलत नाही फारसा.

टाक्या अठ्ठावीस. कॉम्प्रेसरची गाळणी दोन, नाही, तीन.
गोडं पाणी सहा टन,
म्हणजे अंघोळीच्या नावानं रोज एक भांडण.
पाचव्या रात्री पौर्णिमा,
खाडीच्या तोंडाशी पाणी माणसाला पानासारखं ओढून नेईल,
तिथे सकाळी नऊ ते साडेनऊ,
त्याच्या आधी नाही, नंतर तर नाहीच.

सातवी रात्र आईच्या गावासमोर.
तो खडक मला नकाशाशिवाय येतो.
बाटलीच्या काचेचा लाकडी चष्मा लावून
आईमागोमाग शंखांसाठी उतरायचे मी,
छाती फुटेस्तोवर.

मावशीला फोन लावला.
डोर्सिला मावशी, बायकांच्या मंडळाची मुखत्यार.
म्हणाली, "गेल्या रविवारी प्रार्थनेनंतर
आम्ही त्या पाण्याला सासी घातली.
वर्षभर कुणी काही काढायचं नाही."
"आम्ही कुठे काढतो, मावशी? नुसतं बघतो."
पलीकडे कोंबडा आरवला, कुणीतरी भांडं आपटलं.
"चौदा जणांनी बघणं," ती म्हणाली,
"म्हणजेसुद्धा थोडं काढणंच.
आणि नांगर? तो काय हवेत टाकता?"

सातवी रात्र खोडली.
रबरानं समुद्र पुसताना कागद जरा फाटला.

एकानं विचारलंय, मांटा नक्की दिसेल ना?
मालक म्हणतात, लिहून टाक हो.
मी लिहिलं: पलंग नक्की. छत्री नक्की.
सकाळी सहाला कॉफी नक्की.
बाकीचं आमच्या ताब्यात असतं
तर मी इथे पेन्सिल घेऊन बसले असते का?

उरला शेवटचा दिवस. कोरडा.
विमानाआधी आख्खा दिवस पाण्यात जायचं नाही,
रक्तात मुरलेला वायू
त्याच्या चालीनं निघू द्यायचा.
दरवर्षी ह्या रकान्यात मी बाजार लिहिते, धबधबा लिहिते,
आणि माणसं कठड्याला रेलून
पाण्याकडेच बघत बसतात,
सासरी निघालेल्या मुलीनं दाराकडे बघावं तशी.

खालून हाक आली:
दाएंग लेवाला आणखी काथ्या हवाय, पैसे आत्ताच.
भरती लागलीय.
चिखल बुडबुडतोय, दोर करकरतायत,
बोट हळूहळू कुशीवरून उठतेय.
रकाना तसाच ठेवून
मी खिसे चाचपत जिना उतरते.