दोन गंज

वरच्या खोलीत आयलिन राहते, मार्चपासून.
तिचं गाव काळ्या समुद्राकाठी. नाव दोनदा सांगितलं तिनं,
माझ्या लक्षात एवढंच राहिलं
की तिथे डोंगरच्या डोंगर चहाचे असतात
आणि पाऊस थांबायचं नाव घेत नाही.
इथे मँगनीजच्या दगडांचं काहीतरी शिकायला आली आहे.
मी म्हटलं, शीक बापा. भाडं पाच तारखेला.

पहिल्याच आठवड्यात कप परत करायला खाली आली.
माझा आलं घातलेला, सायीचा चहा
अर्धा तसाच होता.
मोडक्या हिंदीत म्हणाली, छान आहे आंटी,
पण हा चहा नाही.
चाळीस वर्षं झाली मी चहा मांडून राहिले,
आणि ही पोट्टी मला सांगते.

मग तिचा शोध सुरू झाला.
दाणेदार नको, पान पाहिजे.
मस्कासाथेत दोघी उन्हात हिंडलो, डोक्याला दुपट्टा बांधून.
शेवटी झामऱ्यांनी मागच्या फळीवरून
एक धुळकट डबा काढला. म्हणाले, हे कोणी नेत नाही.
तिनं डब्यात नाक घातलं
आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.
झामरे माझ्याकडे पाहत, मी वजनकाट्याकडे.

मग पाणी.
नळाचं, फिल्टरचं, बाटलीतलं,
तीन पेले खिडकीशी धरून ती रंग बघायची,
आपण एक्स-रे बघतो तशी.
तिन्ही नापास.
माझ्या माठातलं पास झालं.
तो माठ गळतो, त्याच्याखाली मी परात ठेवते.

मग भांडं. तिच्याकडे म्हणे किटलीवर किटली बसते,
खालची उकळते
आणि वरची नुसती वाफेवर वाट पाहते.
मी दोन गंज काढून दिले.
खाली मोठा, दुधाचा.
वर लहान, ज्यात शेवटी शेवटी
ह्यांच्यासाठी पेज शिजवायची.
बरोबर बसला.

किती वेळ? पंधरा मिनिटं. नाही, वीस.
गॅस काय तुझा बाप भरते, असं मी मनात म्हटलं.
पारा पंचेचाळीसवर, कूलर खडखडतो आहे,
वाळ्याचा वास स्वयंपाकघरापर्यंत येत नाही,
आणि आम्ही दोघी ओट्यापाशी घामाघूम,
एका गंजावरचा दुसरा गंज राखत.
मी झाकण उचलायला गेले
तर तिनं माझ्या हातावर चापट मारली.
मला. माझ्या घरात.

सहा पेले आणले होते तिनं, बॅगेत एकच वाचला,
कमरेत बारीक, नाजूक.
तो मला दिला. स्वतः स्टीलची वाटी घेतली.

कोरा चहा.
आमच्यात कोरा चहा म्हणजे दूध नासलं,
नाहीतर महिनाअखेर,
नाहीतर मेडिकलसमोरची टपरी, रात्रीचे तीन,
डॉक्टर बाहेर येऊन नुसते उभे राहिले त्यानंतर
कोणीतरी माझ्या हातात दिला होता, तो.
तेव्हापासून बिनदुधाचा तोंडाला लावला नव्हता.
तिला काय माहीत.
ती माझा हात धरून पेला उजेडाकडे नेत होती,
डाळिंबाच्या दाण्यासारखा रंग,
असा, म्हणाली, असाच,
आणि हसता हसता ओढणीनं डोळे पुसू लागली.

प्याले मी.
कडू लागला. मग तितका नाही.
साखर विचारली तर म्हणाली, खडा दातात धर.
देवापुढच्या वाटीतली खडीसाखर काढली,
देव काही बोलले नाहीत.

आता चारला ती न विचारता खाली येते,
मीही न विचारता माठातून पाणी काढते.
माझा दुधाचा नंतर होतोच, तो काही सुटत नाही.

जूनअखेर जायचं आहे तिला.
काल म्हणाली, लहान गंज देशील?
मी म्हटलं, तो नाही. मोठा ने.
मोठा एकटा काय कामाचा, म्हणाली.
खरं आहे.
अजून काही ठरलं नाही.