सतरा इंच

बॅलक्लूथाच्या पुलाला लागून आमचं टायरचं दुकान.
इथं डांबरावर जाड खडी पेरतात.
दुधाचे टँकर जातात, मेंढ्यांचे ट्रक जातात,
खडी दबते, पण गुळगुळीत होत नाही.
गाडीत बसलं की वाटतं
पायाखाली कुणी जातं घेऊन बसलंय
आणि दळण काही संपत नाही.

मार्चमध्ये इसोबेल ड्रमंड आली.
एकोणीस इंची चाकं, काळी, चकचकीत,
त्यांवर रबर जेमतेम चार बोटं.
म्हणाली, आवाज कमी करून दे.
मी नेहमीचं विचारलं : कुठं जाता, किती जाता.
"डनीडिन. मंगळवारी आणि शुक्रवारी. ड्यूगलला घेऊन."
मग स्वतःच्या गळ्यावरून एक बोट फिरवलं, आडवं.
"निम्मा घसा काढलाय. कुजबुज उरलीय,
तीही श्वास जमला तर.
ऐंशी किलोमीटर तो काही ना काही सांगत असतो
आणि मी मान हलवते.
काय सांगतो, एकदाही कळलेलं नाही."

मी म्हटलं, चाक दोन इंचांनी उतरवू.
धातू कमी, रबर जास्त, बाहेरचा घेर तोच,
म्हणजे वेगाचा काटा खोटं बोलणार नाही.
टायरची भिंत उंच झाली
की खड्डा आधी तिच्या अंगावर येतो, मग तुमच्या.
तामातीनं एक चाक चढवून हातानं फिरवलं,
ब्रेकला घासत नाही ना बघायला,
आणि टायरवरचे आकडे पत्रिका वाचावी तसे वाचले :
दोनशे पंचवीस, पंचावन्न, सतरा.

तिला मी नक्षी दाखवली.
ठोकळे सगळे एका मापाचे असले
तर एका सुरात ओरडतात.
लहानमोठे असले की त्यांचं आपसात जमत नाही,
आवाज विस्कटतो, विरतो.
आतून स्पंज लावलेलेही होते. महाग,
पंक्चर काढताना जीव जातो.
लेबलावर एकाचं एकाहत्तर, एकाचं अडुसष्ट.
खरं तेही सांगितलं :
हा आकडा रस्त्याकडेला उभ्या माणसाच्या कानाचा,
आत बसलेल्याचं कुणी मोजत नाही.
तिनं अडुसष्ट घेतले, स्पंजाशिवाय.

ड्यूगल सगळा वेळ दाराशी उभा,
मफलर हनुवटीपर्यंत.
जुनी चाकं त्यानंच निवडली होती, सत्तरीत,
तिला न विचारता.
पावतीच्या पाठीमागे त्यानं लिहिलं :
गाडी म्हातारीची दिसतेय.
खाली, जरा थांबून : काळी विकू नका.

हवा दारावरच्या पट्टीत लिहिलीय तेवढीच भरा, म्हटलं,
जास्त भरलीत तर सगळं पाण्यात.

तीन आठवड्यांनी ती परत.
"नवाच आवाज. टक टक. मागून, उजवीकडून."
मी वाकलो. नक्षीच्या फटीत खडा,
वाटाण्याएवढा. स्क्रूड्रायव्हरनं उडवला.
असे आधीही असणार कितीतरी,
पण दळणात खडा कोण ऐकतो?

"आणि तो? आता कळतं?"
"कळतं," ती म्हणाली, "कळतं की.
मिल्टनपर्यंत हळू चालव, हळू चालव.
पुढे कुणाचं कुंपण कुठं मोडलंय.
इतके दिवस मी या सगळ्याला
हो हो म्हणत होते."
हसली. मग हसू अर्ध्यावरच राहिलं.
"गेल्या शुक्रवारी वाइहोलाच्या तळ्यापाशी
एक वेगळंच बोलला.
ते काही तुला सांगणार नाही."

पैसे विचारले. खड्याचे घेत नाही, म्हटलं.
तो तिनं जमिनीवरून उचलला,
कोटाच्या खिशात टाकला आणि गेली.
पुलावर काँक्रीट आहे, सपाट,
गाडी कधी पलीकडे पोचली ते समजलंच नाही.

काळी चाकं मागच्या रॅकवर आहेत,
चौथ्या फळीवर, ड्रमंड लिहिलेली चिठ्ठी बांधून.
तामाती मधूनमधून विचारतो, गिऱ्हाईक आलंय, देऊ का?
मी नको म्हणतो. कपडा मारून ठेव.