बाद मत

मतं मोजायचं काम आमच्याकडे शिक्षकांचंच.
समारच्या पूर्व किनाऱ्यावर, बाकाव गावच्या शाळेत,
तिसरीच्या वर्गात, जिथं मी रोज पाढे म्हणून घेते,
तिथंच पेटी उघडली.
मतपत्रिकेवर नाव हातानं लिहायचं असतं.
ते मी मोठ्यानं वाचायचं,
तक्त्यावर मिस लिगाया रेघ ओढणार,
चार उभ्या, पाचवी आडवी.
खिडकीचे गज धरून अर्धं गाव उभं.

पहिलंच नाव: रोसेंदो काबिलेस.
माझ्या भावाला मारणारा.

सोळा वर्षं झाली. कोंबड्यांच्या झुंजीनंतरची रात्र,
तुबाचा घडा, पैशांवरून काही शब्द,
आणि नारळ सोलायची सुरी.
अकरा वर्षं तो आत होता.
मग शिक्का मारलेला कागद आला: सर्व हक्क परत.
माफी मनिलाहून आली.
आमच्या घरावरून गेली असेल,
थांबली नाही.

रोसेंदो काबिलेस.
रोसेंदो काबिलेस.
माराविल्या.
मी वाचत राहिले, हजेरीच्या आवाजात.

आता माराविल्याचं सांगायचं तर
पोलीस ठाण्यात तो गेला तो फक्त फीत कापायला.
माणूस कसा, धुतल्या तांदळासारखा.
तांदूळच गेला होता म्हणा,
वादळानंतर आलेली दोनशे पोती,
त्यांतली सदतीस आमच्यापर्यंत पोचली.
चौकशी झाली. कागद भिजले होते.
त्याच वादळात रोसेंदो,
सुटून वर्षच झालं असेल,
छातीभर पाण्यातून म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन
या शाळेत आणत होता.
माझ्या आईलाही.
आपण कुणाच्या पाठीवर आहोत, तिला कळलं होतं का,
मी कधी विचारलं नाही.

मासे विकणारी एस्केरिया म्हणाली,
शिक्षा भोगली की माणूस फिटला,
नाहीतर तुरुंग कशाला?
तिचा नवरा म्हणाला, फिटला तर फिटला,
जाळी विणू दे, होडी रंगवू दे,
सुकाणू धरायला गावात दुसरे हात नाहीत?
मग दोघंही माझ्याकडे बघत राहिले,
जणू उत्तर माझ्या पिशवीत होतं, कोळंबीखाली.
मी सुटे मोजून घेतले.

तो आला तर घाटाचा रस्ता होईल, बहुधा.
आणि आईच्या हयातीच्या दाखल्यावर
दरवर्षी त्याची सही लागेल.
ही बाई जिवंत आहे,
असं तो लिहून देईल.

दोनशे बारावी मतपत्रिका.
उलगडायच्या आधीच ओळखली.
आईचं अक्षर उजवीकडे कलतं, किनाऱ्यावरच्या माडासारखं.
गावप्रमुखाच्या रेघेवर तिनं लिहिलं होतं:
अनिसेतो दाक्लेस.

माझा भाऊ.

उमेदवार नसलेल्याचं नाव आलं, तर मत बाद.
वाचायचं मात्र सगळं, असा नियम.
मी वाचलं.
लिगायाचा हात वरच राहिला.
बाहेर कुणाचंतरी पोर रडत होतं, तेही थांबलं.
तिसऱ्या खिडकीशी रोसेंदोनं टोपी काढली.
घाम पुसायला असेल.
"बाद," मी म्हटलं,
आणि पुढची उचलली.
पुढचं नाव त्याचंच होतं.

रात्री उशिरा घरी आले. आईनं भात झाकून ठेवला होता.
कोण जिंकलं, तिनं विचारलं नाही.
"सेतोला किती पडली?"
"एक."
"मोठ्यानं वाचलंस?"
"हो."
"जेव मग," म्हणाली,
"सगळं निवून गेलंय."