टॉर्च तिरपा धर

पुंता अरेनासमध्ये दुकानात आधी वारा शिरतो,
मग दार आपटतं, मग गिऱ्हाईक दिसतं.
त्या दिवशी एदेलमिरा बार्रिया होती.
अंगात नवऱ्याचं जाकीट, बाह्या दोनदा दुमडलेल्या,
काखेत पिठाच्या पोत्यात गुंडाळलेला लॅपटॉप.
"चालू होतो. पंखा घरघरतो. दिसत मात्र काही नाही."

मी विचारायचं ते विचारलं.
पडला? पाणी सांडलं? आधी रेघा यायच्या?
यायच्या, म्हणाली, हिरव्या, उभ्या,
झाकण अर्धवट ठेवलं की जायच्या.
ओनोफ्रे तीन महिने मान वाकडी करून बघत होता.
आता त्याची पाठ धरलीय, पलंग सुटत नाही.

मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं तिचे दात घासले,
परत बसवली. काळंच.
बॅटरी काढून बटण दाबून धरलं,
तीसपर्यंत मोजलं. काळंच.
ग्राफिक्सची चिप गेली असली तर संपलंच,
नऊ वर्षांचं मशीन, घोड्यापेक्षा नाल महाग.
अशा वेळी बोलायचं एक वाक्य
मी बावीस वर्षांत घोटून गुळगुळीत केलंय.
ते ओठांवर आलं होतं.
तरी शेल्फावरचा मॉनिटर उतरवला, वायर जोडली,
आणि गल्लीतली वीज गेली.
कुणाचा तरी पत्रा तारांवर पडला असणार.

"उद्या या."
"उद्या पहाटे चारला होडी निघते. मी नेतेय.
खेकड्यांचे पिंजरे कुठे सोडलेत ते यात आहे.
एकोणीस जागा."

मग टॉर्च घेतला.
पडद्याच्या अगदी कडेला, तिरपा धरला,
आणि काळ्यात काहीतरी उमटलं,
शंभर धुण्यांनी विटलेल्या छिटावरच्या फुलांइतकं.
चिप जिवंत होती.
सेकंदाला साठ वेळा पुरं चित्र काढत होती,
इमानेइतबारे, कुणी बघत नसताना.
मागचा दिवा तेवढा विझलेला.
घोटलेलं वाक्य मी गिळलं.

बॅटरी एकतीस टक्के.
प्रकाशाचा गोल चहाच्या बशीएवढा,
बाण एकदा त्याच्या बाहेर गेला की शोधत बसायचं.
फाइल सापडायलाच नऊ टक्के गेले.
मी वाचायचो, ती पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहायची,
लिहिलेलं मला परत ऐकवायची.
त्रेपन्न अंश, एकवीस, चार.
त्रेपन्न अंश, एकवीस, चार.
बाहेर सामुद्रधुनी छपरांवरून ओरडत होती.
"तिरपा धरा, तिरपा," आता ती मला शिकवत होती.
हाताला मुंग्या आल्या. हात बदलला.
सतराव्या जागेपुढे आकडे नव्हतेच,
नुसतं लिहिलं होतं: नेहमीची.
"पुढे?" मी म्हटलं.
"पुढचं वाचा. ती मला ठाऊक आहे."
पेन्सिल थोडी थांबली होती, एवढं मी पाहिलं.
एकोणिसाव्याला पंखा थांबला.
मग नुसता टॉर्च, आणि काळ्या काचेत आम्ही दोघं.

सान्तियागोहून केबल यायला अकरा दिवस लागले.
जुनी बिजागरीपाशी झिजली होती,
रोजच्या उघडमिटीनं, नेमकी वाकते तिथे;
दिव्याची तारही तिच्यातच.
वीतभर पट्टी, आणि मी चिपेचा मर्तिक मांडत होतो.

न्यायला ओनोफ्रे आला, काठी टेकत,
दुसऱ्या हातात बादली, बादलीत दोन जिवंत सेंतोया.
एकोणिसातले अठरा पिंजरे सापडले, म्हणाला.
उरलेला लाटांनी नेला,
की मी तिनाचा आठ वाचला,
यावर त्यांच्या घरी अजून भांडण चालू आहे.
मी झाकण उघडून दिलं. लख्ख. एक रेघ नाही.
"आता सरळ बघा."
"बघतोय की," तो म्हणाला,
मान डाव्या खांद्यावर टाकून.